नॉयेस-व्हिटनीचा पेपर उघडून बघितलाय का?

सेमिनारमध्ये हमखास येणारी स्लाइड: कण बारीक केला की पृष्ठफळ वाढतं, म्हणून औषध लवकर विरघळतं. खाली संदर्भ, नॉयेस आणि व्हिटनी, 1897. मीही असंच लिहायचो. मग मूळ पेपर वाचला आणि ओशाळलो.

त्यांच्या समीकरणात पृष्ठफळ नाहीच! विरघळण्याचा वेग हा विद्राव्यता आणि त्या क्षणाचं कॉन्सन्ट्रेशन यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात असतो, एवढंच ते म्हणतात. प्रयोग बेंझॉइक आम्ल आणि लेड क्लोराइडच्या कांड्या पाण्यात फिरवून केलेला. कांडीचं पृष्ठफळ जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे ते स्थिरांकात दडून गेलं. गंमत म्हणजे त्यांचा 'एस' म्हणजे विद्राव्यता. आपल्या नोट्समध्ये तोच 'एस' पृष्ठफळ होऊन बसलाय.

पृष्ठफळ वेगळं मांडलं ब्रुनर आणि टोलोच्को यांनी, 1900 मध्ये. डिफ्युजन कोएफिशंट आणि थराची जाडी आली 1904 मध्ये, नेर्न्स्ट आणि ब्रुनर यांच्याकडून (हे ब्रुनर वेगळे, मीही गोंधळलो होतो). कणाभोवतीच्या संपृक्त थराची कल्पना मात्र 1897 चीच, ते श्रेय त्यांचंच.

हा नुसता संदर्भांचा काथ्याकूट नाही. गोळी फुटते, कण झिजत जातात, पृष्ठफळ सतत बदलतं. तिथे निदान हिक्सन-क्रॉवेल, 1931, तरी बघा. पूर्ण वक्रावर एकच स्थिरांक बसवून 'नॉयेस-व्हिटनीनुसार' लिहिलंत, तर व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येतो. मला आला होता.