भाकरी आणि भूमिका

सिडनी पॉटिए बहामा बेटांवरच्या टोमॅटो पिकविणाऱ्या गरीब घरातला. न्यूयॉर्कात भांडी घासणाऱ्या या पोराला काळ्यांच्याच अमेरिकन निग्रो थिएटरने उच्चारांवरून परत पाठविले. 'शुद्धते'ची ही पट्टी आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. पुढे मुलीच्या जन्माचे बिल भागवायचे असतानाही, पोरीच्या खुनानंतर मुकाट राहणाऱ्या बापाची भूमिका त्याने नाकारली. घरातले सामान गहाण टाकून ७५ डॉलर उचलले. १९६४ साली त्याला ऑस्कर मिळाले. १९६७ मध्ये क्लिफर्ड मेसन या काळ्या नाटककाराने त्याला गोऱ्यांना सोयीचा नट ठरविले. आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. केलेल्या भूमिका मोजणारी समीक्षा ओढग्रस्त घरातून दिलेला नकार मोजत नाही. आपल्या कलावंतांचा हिशेब मांडताना तरी हा रकाना कोरा ठेवू नये.