वाचणारा तयार, टिपण मुके

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी 'एनव्हीडीए' ही संगणकप्रणाली मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ साली लिहायला घेतली. ती विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते. आवाज यांत्रिक आहे, पण सवयीने कळतो.

खरी उणीव आहे ती आपल्या महाविद्यालयीन टिपणांत. स्कॅन केलेले पान म्हणजे नुसते चित्र. त्यात अक्षरे साठवलेलीच नसतात. युनिकोडपूर्व फाँटमध्ये डोळ्यांना 'पेशी' दिसते, आत मात्र रोमन चिन्हांचे संकेत असतात. कानी पडते ती निरर्थक बडबड.

टिपण देण्यापूर्वी त्यातली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. मराठी उमटली नाही, तर दृष्टिहीन विद्यार्थी वर्गात असूनही पाठाबाहेर राहिला, असे समजा.