भागवन्तीचें मौन

मेक्सिकोंत मिगेल साबिदो यांनीं १९७७ सालीं दूरचित्रवाणीच्या कथामालेंतून कुटुंबनियोजनाचा प्रसार केला. तोच कित्ता पुढें ठेवून १९८४ सालीं दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. सासू, सून व नवरा एकाच खोलींत बसून एकच गोष्ट ऐकतात, ही सोय छापील पत्रकास कोठली? परंतु आरंभीचे भाग प्रेक्षकांस रुचले नाहींत, आणि कुटुंबनियोजनाचा विषयच मागें सारण्यांत आला.

दोष विषयाचा नव्हता, असें आमचें मत आहे. मुलींस बडकी, मझली, छुटकी अशी क्रमानेंच हाक मारणारें घर, पांच मुलें, दारुडा बाप आणि सर्व सोसणारी भागवन्ती! एवढी सामग्री हाताशीं असतां प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमारांकडून बोध करविण्याचें प्रयोजन काय? (ते बोलत गोड, हें कबूल.) बोध राहिला बाजूस, भागवन्तीच्या सोसण्यासच आदर्श मानणाऱ्या स्त्रिया मात्र निघाल्या.

बसेसर रामाची दारू आम्हांस आठवते. पांच मुलांबद्दल त्यास कोणी जाब विचारल्याचें आठवत नाहीं. आणीबाणींतील सक्तीनंतर नसबंदीचा भार पुरुषावरून स्त्रीवर सरकला होता, तेव्हां हा जाब कथेनेंच विचारावयास हवा होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें ३८ टक्के स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आढळल्या. नवऱ्यानें ती करून घेतलेल्या अवघ्या ०.३ टक्के.