उंदराला विचारलं का?

शि. द. फडणीसांनी केलेलं १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ तुमच्याही फोनवर कधीतरी आलं असेल. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. शब्द एकही नाही.

मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. बाबांनी लगेच लिहिलं, “जमणार यांचं!” ताईनं लिहिलं, “पण उंदराला विचारलं का?”

मी वैतागलो. इतक्या गोड चित्रात हे कुठून आणलं? मग आठवलं. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायची वेळ ताईनं मध्यंतरी बदलली होती. एकजण रोज तिच्या मागून चालायचा. बोलायचा नाही, जवळ यायचा नाही. तक्रार करायची तर सांगणार काय? त्या प्रसंगालाही कॅप्शन नव्हती.

मी चित्र पुन्हा उघडलं.

शब्दांविना चित्राचा अर्थ ज्याने त्याने आपापला काढावा, असं आपण सहज म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. फडणीस जे दाखवतात ते नेमकं असतं. मोकळा सोडलेला असतो तो फक्त पुढचा क्षण. बाबांना दिसलेलं लग्न कागदावर नाही, ते त्यांनी सिनेमांतून आणलं. ताईची भीतीही तिची स्वतःची आहे. पण तिचा प्रश्न कागदावरचाच आहे. चित्रकाराला राघू-मैना काढता आले असते. त्यानं मांजर आणि उंदीर निवडले. माणसं सभ्यपणे उभी आहेत आणि कपडे भलतंच बोलून जातात, विनोद तिथेच आहे. शिकार त्या विनोदाच्या पोटातच आहे. म्हणून ताईचं वाचन मला चित्राच्या जास्त जवळचं वाटतं.

मग चित्र वाईट ठरतं का? मुळीच नाही. माझ्या कामात अट अर्धवट सोडली की बग निघतो. इथे सोडलेल्या जागेमुळेच सत्तर वर्षांनंतर एका मुलीला आपला प्रश्न विचारता आला. खाली “जमणार यांचं” अशी ओळ छापली असती, तर ती जागा तेव्हाच बुजली असती. फडणीस आयुष्यभर बहुतेक कॅप्शनशिवाय काढत राहिले, त्याचं मोल मला आत्ता कळतंय.

ताईला मी उत्तर दिलं नाही. चित्र मोठं करून पुन्हा पाहिलं. या वेळी आधी उंदीर पाहिले.