संशोधन-विद्यार्थ्याचें पहिलें वर्ष : एक परीक्षण

विद्यापीठ अनुदान आयोगानें पीएच्. डी. पदवीसंबंधीं जे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजीं प्रसिद्ध केले, त्यांचें परीक्षण येथें केवळ इतिहासाच्या, आणि त्यांतहि हस्तलिखित साधनांच्या दृष्टीनें करावयाचें आहे. विद्यापीठांतील नवा संशोधक मूळ कागदापर्यंत पोहोंचतो कीं नाहीं, हें बहुतांशीं त्याच्या पहिल्या वर्षावर ठरतें. यास्तव संग्राहकांनींहि हे नियम वाचणें अवश्य आहे.

नव्या विद्यार्थ्यानें किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा. त्यांत संशोधनपद्धति आणि संशोधन व प्रकाशन-नीति हे विषय असावेत. किमान ५५ टक्के गुण मिळवावेत. आणि दर सहामाहीस सल्लागार समितीपुढें प्रगतीचा वृत्तांत ठेवावा, अशीं मुख्य कलमें आहेत. २०१६ च्या विनियमांत श्रेयांकांची किमान मर्यादा ८ होती, आणि प्रबंधापूर्वीं एक शोधनिबंध छापण्याची सक्ति होती. ती सक्ति आतां उठली, हें इष्टच झालें. छापण्याची घाई असली म्हणजे वाचनास अवसर राहत नाहीं. नीतीचा विषयहि आमच्या क्षेत्रास अनाठायीं नाहीं. दुसऱ्यानें लाविलेलें वाचन नामनिर्देशावांचून आपलें म्हणून छापणें, हा दोष आमच्यांत जुनाच आहे.

उणीव आहे ती निराळ्या ठिकाणीं. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील डोंगरकडा हें गांव उदाहरणादाखल घेऊं. तेथील एखाद्या विद्यार्थ्यानें नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत नांव नोंदवून आपल्याच परिसराचा इतिहास हातीं घेतला, अशी कल्पना करावी. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचा सरकारी व्यवहार आधीं फारशींत व १८८४ पासून उर्दूंत चाले. घरोघरचे मराठी कागद मोडींत. म्हणजे मोडी, उर्दू व फारशी यांवांचून या विद्यार्थ्यास ना गांवांतील रुमाल सोडतां येईल, ना हैदराबाद व पुणें येथील दफ्तरखान्यांत पाऊल टाकण्याचा कांहीं उपयोग. परंतु त्या १२ श्रेयांकांत लिपिज्ञानाची अट कोठेंहि नाहीं. मोडीचें एक अक्षर न ओळखतांहि त्यास पहिलें वर्ष उत्तम रीतीनें उत्तीर्ण होतां येईल.

हीच गोष्ट कालगणनेची. शुहूर सनांत ५९९ वा ६०० मिळविल्यानें इसवी सन येतो. दक्षिणी फसलींत ५९० वा ५९१ मिळवावे लागतात. कागदावरील १२०० हा अंक शुहूर मानिला तर १७९९-१८०० हें साल निघतें, फसली मानिला तर १७९०-९१. मध्यें १७९५ ची खर्ड्याची लढाई येते. तेव्हां एकच कागद निजामाच्या पराभवापूर्वींचा कीं नंतरचा, हें या एका ज्ञानावर अवलंबून राहतें; आणि येथें चूक झाली तर प्रबंधाची सर्व मांडणी ढासळते.

यावर उपाय नवा नियम करणें हा नव्हे. १२ ही किमान मर्यादा आहे. आणि विद्यार्थ्यास कोणते अभ्यासक्रम आवश्यक आहेत हें ठरविण्याचें काम त्याच विनियमांनीं सल्लागार समितीकडे दिलें आहे. समितीनें विषय मान्य करतांनाच त्या विषयाचीं साधनें कोणत्या लिपींत व भाषेंत आहेत हें विचारावें, आणि तदनुरूप मोडी, फारशी वा उर्दू यांचें शिक्षण पहिल्या वर्षांतच नेमून द्यावें. दूरस्थ पाठांस समितीनें मान्यता देण्याची सोय नियमांत आहे. तथापि मोडीचें वळण हात बदलला कीं बदलतें, आणि तें अनेक हातांचे मूळ कागद पाहिल्यानेंच अंगवळणीं पडतें.

येथें संग्राहकांचाहि भाग आहे. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तेव्हांपासून आमची विद्या खासगी घरांतील दफ्तरांवरच पोसली आहे. ज्यांच्यापाशीं कागद आहेत, त्यांनीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास वाचनासाठीं निदान एक रुमाल सोडून द्यावा. कसर व ओल हीं त्याच्या तीन वा सहा वर्षांच्या मुदतीची वाट पाहत नाहींत.