‘स्थैर्य’ या शब्दाची चिकित्सा : संश्लिष्ट विमान-इंधनांचे उष्ण ऑक्सिडीभवन

दादर-लालबागच्या बाजारात तिन्हीसांजेला वड्यांसाठी तापणाऱ्या कढईतील तेल वारंवार वापराने काळे व घट्ट होत जाते. त्यामागील शृंखला विक्रिया आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. उष्णतेने निर्माण झालेला मुक्त मूलक ऑक्सिजनशी संयोग पावून पेरॉक्सी मूलक होतो. तो शेजारच्या रेणूतील हायड्रोजन हिरावून हायड्रोपेरॉक्साइड बनतो. आणि त्याच्या विघटनातून नवे मूलक जन्मास येतात. २०१८ साली अशा तेलातील एकूण ध्रुवीय घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा कायद्याने घालण्यात आली. मात्र टाकाऊ ठरलेल्या याच तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली असता विमानाचे इंधन मिळते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ साली १ टक्का व २०२८ साली २ टक्के असे इंधन मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२३ साली जाहीर केले. तेव्हा या इंधनांच्या स्थैर्याविषयी जे लिहिले जाते ते काटेकोरपणे तपासणे अगत्याचे आहे.

ज्वलनकक्षात शिरण्यापूर्वी इंधन हे इंजिनातील वंगणतेलाची उष्णता शोषून घेण्याचेही काम करते. हवेच्या सान्निध्याने त्यात वजनाने दशलक्षांत सुमारे ७० भाग ऑक्सिजन विरघळलेला असतो. एवढा अल्प ऑक्सिजनही तोट्यांत पुटे चढविण्यास पुरतो. यासाठीची प्रमाणभूत कसोटी अशी : तापविलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवरून २६० अंश सेल्सिअसला अडीच तास इंधन वाहू द्यावयाचे, आणि नळीवरील डाग व गाळणीवरील दाबातील घट पाहावयाची. शुद्ध संश्लिष्ट घटकास तर ३२५ अंशांची कसोटी लावतात व ती तो सहज उतरतो. यावरून ‘संश्लिष्ट इंधन अधिक स्थिर’ असा निष्कर्ष अनेक लेखांत काढलेला आढळतो. आमचा आक्षेप या निष्कर्षावर आहे.

हेनेगन व झाबर्निक यांनी १९९४ साली ‘फ्युएल’ या नियतकालिकात या विषयातील एक कोडे स्पष्ट केले. जे इंधन ऑक्सिजन सावकाश घेते तेच पुष्कळदा पुटे अधिक देते. जे झपाट्याने घेते ते कमी देते. खनिज इंधनातील फिनॉले व गंधकयुक्त संयुगे शृंखला रोखतात, परंतु त्यांचीच उत्पादिते पुढे पुटांत रूपांतरित होतात. हायड्रोजन-प्रक्रियेने ही संयुगे नाहीशी होतात. त्यामुळे संश्लिष्ट इंधनाची नळी स्वच्छ राहते, पण त्याचे नैसर्गिक संरक्षणही लोपते. म्हणूनच प्रमाणपत्रकाने अशा घटकात लिटरमागे १७ ते २४ मिलिग्रॅम ऑक्सिडीभवनरोधक घालणे सक्तीचे केले आहे. जे स्वभावतः स्थिर, त्यास हा राखणदार कशाला?

सारांश, ‘स्थैर्य’ या एका शब्दाखाली ऑक्सिजन घेण्याचा वेग आणि पुटांचे प्रमाण या दोन भिन्न राशी दडल्या आहेत. नळीला जे चिकटले तेवढेच ती दाखविते. जी हायड्रोपेरॉक्साइडे व आम्ले प्रवाहाबरोबर निघून गेली, त्यांविषयी ती मूक राहते. रबरी वेष्टनांस बाधा पोहोचते ती मात्र पेरॉक्साइडांमुळे. शिवाय ठराविक तापमानास सर्वच इंधनांनी आपला ऑक्सिजन सारख्या प्रमाणात वापरला असेल असे नाही. मग तुलना कशाची झाली? मिश्रणाचा प्रश्न याहून बिकट आहे. खनिज इंधनाबरोबर आलेली थोडी फिनॉलेही विक्रियेची दिशा पालटतात, म्हणून दोन घटकांच्या निकालांची सरासरी काढून मिश्रणाचे भाकीत करता येत नाही.

या बाबतीत विमान-इंधनाच्या अभ्यासकाने खाद्यतेलाच्या अभ्यासकाकडून धडा घ्यावा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून स्थापन झालेल्या, माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत तेलांचा अभ्यास जुना आहे. केवळ पेरॉक्साइड मूल्यावर विसंबू नये, हे तेलाचा विश्लेषक जाणतो. कारण तापलेल्या तेलात पेरॉक्साइडे मोडतात व मूल्य फसवे कमी दिसते. म्हणून तो ॲनिसिडीन मूल्याने दुय्यम ॲल्डिहाइडेही मोजतो.

नळीची कसोटी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. दारावरची पहारेकरी म्हणून ती योग्यच आहे. परंतु पहारेकऱ्याची साक्ष म्हणजे संशोधन नव्हे. आपल्या प्रबंधकारांनी प्रत्येक नमुन्यासाठी ऑक्सिजनचा व्यय, हायड्रोपेरॉक्साइडे, आम्लता आणि पुटांचे वजन ही चारही अंगे, तांब्यासारख्या विरघळलेल्या धातूंच्या नोंदीसह, एकत्र द्यावीत. तोपर्यंत ‘स्थिर’ हे विशेषण जपूनच वापरलेले बरे.