उरियाची पत्नी आणि शिरूरची छावणी

मराठी वाङ्मयाला कुलवृत्तांत हा प्रकार अपरिचित नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक चित्पावन घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, शाखा, स्थलांतर आणि कर्तबगार पुरुष अशी त्यांची ठरलेली मांडणी असे. या ग्रंथांशी नाते सांगणारे दुसरे एक लेखन गेल्या काही दशकांत आपल्या दाराशी आले आहे. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेल्या अँग्लो-इंडियन घराण्यांचे वंशज आपल्या सैनिक पूर्वजाचा शोध घेतात, धर्मग्रामांना पत्रे लिहितात आणि हाती आलेल्या माहितीवर घरापुरती पुस्तिका सिद्ध करतात. हे लेखन जिव्हाळ्याचे खरे. पण जिव्हाळा हा समीक्षेला पर्याय होऊ शकत नाही. वाङ्मय म्हणून आणि साक्ष म्हणून त्याची पारख झाली पाहिजे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन गावांत या शोधाचा सारा प्रदेश सामावला आहे. घोडनदीच्या काठी शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. पुढे पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणेही शिरूरलाच होते. दौंडचे महत्त्व रेल्वेने वाढविले. १८७८ साली मनमाडचा फाटा जोडला गेला, दौंड जंक्शन झाले आणि शिपायांची मुले-नातवंडे रेल्वेच्या चाकरीत शिरली. या पुस्तिकांचा कथाक्रम त्यामुळे ठरूनच गेला आहे: आधी पलटण, मग रेल्वे, शेवटी बोट. पणजोबा बंदूक घेऊन आले, आजोबांनी इंजिन हाकले, वडिलांनी सामान बांधले.

या कथाक्रमात पणजोबांची पलटण, हुद्दा, पदके, बदल्या यांचा तपशील पानोपानी येतो. परंतु पणजी कोठे आहे? तिच्या वाट्याला बहुधा एक ओळ येते आणि ती ओळही पुष्कळदा दंतकथा असते. कोणी तिला राजकन्या करतो, कोणी बेगम. कोणी तिला पोर्तुगीज ठरवितो, म्हणजे घराण्यातील सावळ्या वर्णाचा उलगडा होतो आणि युरोपीय रक्तही अबाधित राहते. छावणीच्या बाजारात धुणे धुणारी, दळण दळणारी, साहेबाची मुले सांभाळणारी एखादी मराठी स्त्री आपली पणजी असू शकेल, ही शक्यता लेखणीवर येत नाही. राजकन्या कल्पिल्याने तिचा गौरव होत नाही. ती जी होती तिला पुसून तिच्या जागी दुसरीच स्त्री उभी केली जाते.

या मौनाचे खापर केवळ लेखकांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. हा साचा त्यांनी घडविला नाही, कायद्याने घडविला. भारतीय संविधानाच्या ३६६ व्या अनुच्छेदातील व्याख्येनुसार अँग्लो-इंडियन व्यक्तीचा पिता, अथवा पित्याकडील पुरुषपरंपरेतील कोणी पूर्वज, युरोपीय वंशाचा असावा लागतो. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानेही परदेशी स्थायिक असलेल्या ब्रिटिश वंशजांसाठी पुरुषपरंपरेने सिद्ध होणारे नाते हीच वाट ठेवली. त्याच सुमारास रेल्वे, टपाल व तार खात्यांतील या समाजाच्या राखीव जागा संविधानाने दहा वर्षांत क्रमाने संपविण्याचे ठरविले. दौंडसारख्या रेल्वे वसाहतींतील कुटुंबांनी त्या काळी पूर्वजाचा शोध घेतला तो हौसेखातर नव्हे. त्या शिपायाचा दाखला हाती असला तर बोटीचा मार्ग खुला होत होता. पणजोबा हा पुरावा होता, पणजी पुरावा नव्हती. अर्जाच्या रकान्यात तिला जागा नव्हती म्हणून आठवणीतही ती उरली नाही. लोकसभेतील या समाजाच्या नामनियुक्त जागाही २०२० साली संपल्या. आता तरी हे लेखन अर्जाच्या रकान्यांतून बाहेर पडायला हरकत नसावी.

रकान्यांपलीकडे वाचायचे कसे, हे शिरूरच्या परिसरातील दगडच शिकवितात. १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेसची समाधी शिरूरला आहे. तेथील ग्रामस्थ त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, अशी नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८५ च्या पुणे खंडात आहे. रक्ताचे नाते नसलेल्या गावाने एका परक्या सैनिकाला आपल्या भाषेत सामावून घेतले! उलट कोरेगावच्या जयस्तंभावरील ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हे महार समाजातील पद आहे. गाव नाही, आईबाप नाहीत, चरित्र नाही, फक्त नावाचे शेपूट. पण सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पुत्राने, डॉ. आंबेडकरांनी, १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभाला भेट दिली, तेव्हा त्या दोन अक्षरांचा अर्थ एका संपूर्ण समाजासाठी उजळून निघाला. पूर्वजाचा शोध हा नुसता माहितीचा संग्रह नसून वाचनाची रीत आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

आता आपल्या ख्रिस्तसभेच्या दप्तराकडे वळू. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली विवाहाची नोंद धर्मगुरूवर बंधनकारक केली आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने नोंदवह्यांचे नमुने घालून दिले. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्रानुसार विवाह कोठेही झाला तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवून तेथील नोंदीत लिहावी लागते. म्हणून इकडे बाप्तिस्मा झालेला मुलगा सातासमुद्रापार बोहल्यावर चढला, तरी त्याची वार्ता इथल्या वहीच्या समासात येऊन बसते. स्थलांतराचा मागोवा घेणाऱ्याला बोटीवरच्या प्रवाशांच्या यादीइतकाच हा समास बोलका आहे.

आणखी एक गृहीत या वह्यांपुढे टिकत नाही. कॅथलिक सैनिक म्हणजे कंपनीच्या किंवा राणीच्या पलटणीतला, असे बहुतेक वंशज धरून चालतात. पुण्याचे सेंट पॅट्रिक महामंदिर १८५० साली आयरिश सैनिकांसाठी उभे राहिले, हे खरे. पण त्याच्या अर्धशतक आधी, १७९२ मध्ये, सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील गोव्याच्या कॅथलिकांसाठी पुण्यात चर्चला जागा दिली होती. आपला पूर्वज कोरेगावच्या लढाईत कोणत्या बाजूला असू शकला असता, हा प्रश्न म्हणून आधीच निकालात काढता येत नाही.

तथापि आमच्या वह्याही निर्दोष नाहीत आणि हे सांगणे धर्मगुरूचेच कर्तव्य आहे. सैनिकाशी विवाह करण्यापूर्वी जिला बाप्तिस्मा दिला गेला, त्या स्त्रीचे नवे ख्रिस्ती नाव अशा वहीत येई. तिचे माहेरचे नाव, गाव आणि आईबाप लिहिण्याची निकड मात्र लेखकाला नेहमीच भासत नसे. संस्काराने तिला नवा जन्म दिला आणि लेखणीने तिचा पहिला जन्म मिटवला. दुर्बा घोष यांनी बंगालमधील कागदपत्रांवर आधारलेल्या आपल्या २००६ च्या इंग्रजी ग्रंथात असे दाखविले आहे की, हिंदी सहचारिणींचे अनाम राहणे हा योगायोग नव्हता. तो लिहिणाऱ्यांच्या दृष्टीचा परिणाम होता. त्या दृष्टीत आमचाही वाटा होता.

यावर उपाय कोणता? कल्पनेने रिकामी जागा भरणे हा नव्हे आणि ती ओलांडून पुढे जाणे हाही नव्हे. या बाबतीत संत मत्तयाहून थोर कुलवृत्तांतकार मला दिसत नाही. त्याच्या शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने होतो. तीही पुरुषपरंपरेचीच आहे, कारण दाविदाच्या वंशाचा दाखला द्यावयाचा होता. पण त्या यादीत तो तामार, राहाब आणि रूथ यांना बसवितो. चौथीपाशी येऊन तर तो थबकतो. बथशेबा हे नाव त्याला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? तरीही तो तिला उरियाची पत्नी म्हणतो. उरिया हा येशूचा पूर्वज नाही. तो परक्या जातीचा, दाविदाच्या सैन्यातला इमानी शिपाई. राजाने त्याची पत्नी घेतली आणि त्याला आघाडीवर धाडून मारविले. राजवंशाच्या दाखल्यात त्या शिपायाचे नाव घालण्याची काहीच गरज नव्हती. मत्तयाने ते घातले आणि घराण्याचा अपराध घराण्याच्याच दाखल्यात कायम केला. एवढ्यावर तो थांबत नाही. इतक्या पिढ्या बापावरून मोजत आणलेली ही ओळ शेवटी योसेफापाशी तुटते आणि जन्म मरियेच्या नावे लिहिला जातो. पुरुषपरंपरेचा सारा पुरावा मांडून अखेर एका स्त्रीवर विसावणारी ही वंशावळ आपण दर नाताळात वाचतो, पण तिच्यापासून लेखनाचा धडा घेत नाही.

सैनिक पूर्वजाचे चरित्र लिहू पाहणाऱ्यांनी हा धडा घ्यावा, अशी माझी सूचना आहे. पलटणीची पाने कमी झाली तरी चालतील, पण छावणीच्या बाजाराला एक प्रकरण मिळावे. पणजीचे केवळ बाप्तिस्म्याचे नाव सापडले, तर तेवढेच लिहावे आणि पुढची जागा कोरी सोडावी. राजकन्येपेक्षा ती कोरी जागा अधिक सत्य आहे. पलटण मायदेशी परतताना बहुतेक शिपायांना आपल्या हिंदी पत्नीला बरोबर नेता येत नसे, हेही त्याच पानावर यावे. परदेशी गेलेल्या या घराण्यांच्या इतिहासात पहिले स्थलांतर जसे बोटीने आलेल्या शिपायाचे, तसेच कोणत्यातरी खेड्यातून छावणीत आलेल्या त्या बाईचेही आहे. तिचा प्रवास फार तर चार-दोन कोसांचा असेल. पण परतीची वाट तिलाही नव्हती. ज्या कुलवृत्तांतात त्या चार-दोन कोसांची मोजणी होईल, तो मराठी वाचकालाही आपला वाटेल.